ज्या दाराला बिजागरी नाही

चारकोप,
१२ जानेवारी २०२५

शकू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा घाटकोपरचा पत्ता आपल्या जुन्या सोसायटीच्या शिवदासकडून घेतला. तो हसला. म्हणाला, "काकी, हल्ली पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिहितो. मग पत्ता दिला.

जुनी पाडून नवी बिल्डिंग झाली. आम्ही डिसेंबरात राहायला आलो, अकराव्या मजल्यावर. जागा तीच आहे, पण आपला जिना नेमका कुठे होता ते खाली उभं राहून मला सांगता येत नाही. तुम्ही तुमची खोली विकून घाटकोपरला गेलात ते बरं केलंत की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी राहतं. दिवा दिसतो, माणूस दिसत नाही.

सरळ मुद्द्यावर येते. हे गेले आणि तुला कळवलं नाही, हा तुझा राग आहे. तो खरा आहे. भीमराजभावोजी गेले तेव्हा आमच्या घरातला माणूस अंगावरच्या बनियनवर तुमच्या दारात आला होता आणि तीन दिवस तिथून हलला नव्हता. त्या माणसाच्या मयताची बातमी तुला तिऱ्हाइताकडून कळावी, हे आमचं चुकलंच. जे घडलं ते सांगते. आमच्या सुयोगने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. खोली विकल्यावर तुझं नाव त्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तुझा अनिरुद्ध तेव्हा हैदराबादला होता. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "शकू आली नाही?" सुयोग म्हणाला, "कळवलंय आई सगळ्यांना." मग मी परत विचारलं नाही. तुला माहीत नसेल, पण तेरावा होईपर्यंत मीच तुझ्यावर रागावून होते. पस्तीस वर्षं समोरासमोर राहिलेली बाई येत नाही म्हणजे काय, असं मनात म्हणत होते.

नंतर तू मालाडच्या त्या भाड्याच्या घरी आलीस. आत आली नाहीस. दारातच म्हणालीस, "मला बाहेरच्यांकडून कळलं, नलू." आणि उतरून गेलीस. मी मागे धावायला हवं होतं असं तुला वाटत असेल. मी जागची हलले नाही, कारण तेव्हा मला रडायला कोणीतरी हवं होतं आणि तू भांडायला आली आहेस असं वाटलं.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता मला एकच गोष्ट हवी आहे. तू एकदा या घरी यावंस. माफ करायला नको. भांडायला ये. बसून भांड.

घराला अजून बिल्डरने दिलेलं साधं दार आहे. सुयोग आणि श्वेता ते बदलणार आहेत. श्वेता म्हणजे माझी सून. तू तिला पाहिलेलं नाहीस, आम्ही भाड्याने राहत असताना लग्न झालं. ती चांगली आहे. नवं दार लागण्याआधी आलीस तरी चालेल, नंतर आलीस तरी चालेल.

नलू

चारकोप,
२ फेब्रुवारी २०२५

शकू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. आज दाराचं सांगते, कारण घरात दुसरा विषय नाही.

देवेश नावाचा मुलगा येतो. घराची सजावट करतो. लॅपटॉप उघडतो आणि त्यात आमचंच घर आम्हाला दाखवतो, फक्त त्यात माणसं नसतात. दार उघडल्यावर जी जागा लागते तिला तो फॉयर म्हणतो. जुन्या घरात दार उघडलं की गॅस दिसायचा, त्याला आपण काही म्हणत नव्हतो.

त्याने मला विचारलं, "काकू, तुमचं काही खास?"

मी म्हटलं, "सेफ्टी डोअर हवं. जाळीचं."

तो सुयोगकडे बघून हसला. "काकू, पिव्हॉटला सेफ्टी डोअर लागत नाही."

"लागत नाही, की लावता येत नाही?"

"लावता येत नाही," म्हणाला. खरं बोलला, म्हणून मला तो आवडला.

पिव्हॉट म्हणजे काय ते त्याने कागद कापून दाखवलं. या दाराला बिजागरी नसते. वर एक खिळा, खाली फरशीत एक खिळा, दोन्ही कडेपासून फूटभर आत. दार त्या खिळ्यांवर फिरतं. मोठा भाग घरात जातो तेव्हा छोटा भाग पॅसेजमध्ये येतो. म्हणून समोर जाळी बसवायची तर दार तिच्यावर आपटणार. दिसायला मात्र भिंतच. कडी नाही, मूठ नाही, एक उभी खाच तेवढी.

मी म्हटलं, मग दिवसा दार उघडं कसं ठेवायचं?

श्वेता म्हणाली, "आई, दिवसा दार उघडं कशाला ठेवायचं?"

तिला खरंच समजलं नव्हतं, टोमणा नव्हता. आता हे तिला कसं समजवायचं? सकाळी दूध घेतलं की आतलं दार उघडायचं आणि जाळीचं लावायचं, आतलं दिवेलागणीलाच बंद करायचं. बंद दार म्हणजे घरात कोणी आजारी आहे, नाहीतर भांडण चाललंय. हे घरी असले आणि मी चुकून दार लावलं, तर म्हणायचे, "दार कित्याक लावतंस गो? आपल्याकडे काय सोना आसा?" तू कधी बेल वाजवलीस? मला तर तुमच्याकडे बेल होती की नाही हेसुद्धा आठवत नाही. तू जाळीपाशी यायचीस आणि "नलू" म्हणायचीस. मी तव्यासमोरून न उठता "आहे गं" म्हणायचे. बस.

मी बराच वेळ हट्ट धरला. शेवटी सुयोग म्हणाला, "आई, मी दहावीचा अभ्यास मोरीत पाट टाकून केलाय. आठवतं? दार कायम उघडं. हा आला, तो आला, कोणाला साखर हवी, कोणाला फोन करायचाय. शकूमावशी आणि तू दोघी उंबऱ्यात बसून पुस्तकं वाचायचात, मोठ्याने. मला प्रमेय पाठ होत नव्हतं, तुमची कादंबरी पाठ झाली. मला लहानपणापासून एक गोष्ट हवी होती, बंद होणारं दार."

खरं आहे त्याचं. आपल्या उघड्या दाराचा त्याला त्रास होत होता आणि मला पत्ता नव्हता.

तरी एक विचारलं. बेल कुठे?

देवेश म्हणाला, "कॅमेऱ्यातच आहे, काकू. कोणी आलं की मोबाइलवर दिसतं."

"कुणाच्या?"

"दादांच्या. वहिनींच्या."

"दादा-वहिनी दिवसभर ऑफिसला. घरात मी असते."

"तुमच्या मोबाइलमध्ये पण टाकू."

माझ्या मोबाइलमध्ये ते बसलं नाही, तो जुना आहे. सुयोग म्हणाला, नवा घेऊ. मी म्हटलं, घाई नाही. घाई नाही म्हटलं की आपल्या घरात काय होतं ते तुला माहीत आहे.

आत एक काचेचा सरकता पडदाही होणार आहे, दार उघडलं तरी थेट घर दिसू नये म्हणून. देवेश म्हणतो, येणाऱ्याला जरा सस्पेन्स हवा. मी विचारलं, पाहुण्याला कसला सस्पेन्स, चहा मिळेल की नाही याचा? श्वेता खूप हसली. तेवढ्या वेळापुरतं घर बरं वाटलं.

नलू

चारकोप,
२३ मार्च २०२५

शकू,

दार लागलं.

भिंत फोडायला सोसायटीची परवानगी, मग धूळ, मग फरशीत खड्डा. खड्ड्यात एक लोखंडी पेटी पुरली. तिच्यात स्प्रिंग असते, त्यामुळे दार आपसूक मिटतं. चार माणसांनी दार उभं केलं. सागाच्या रंगाचं आहे, उभ्या रेघारेघांचं, छतापर्यंत उंच. मी वाईट बोलणार होते, पण सांगते, सुंदर आहे. एवढं जड दार एका बोटाने फिरतं. सुयोग ते दहादा उघडून मिटून बघत होता. लहानपणी त्याला असं कशात रमलेलं मी फार पाहिलं नव्हतं. ह्यांनी पाहिलं असतं तर काहीतरी मालवणीतून खवचट बोलले असते आणि मग खाली जाऊन चार लोकांना वर घेऊन आले असते दाखवायला.

उंबरठा नाही. खिळा फिरायला फरशी सपाट लागते. तिथे एक पितळी पट्टी बसवली आहे, ती पाऊल ठेवलं तरी जाणवत नाही. मी परवा दुपारी पुस्तक घेऊन दारात गेले. बसण्यासारखं काही नाही. उभं राहून वाचायचं तर दार धरून ठेवावं लागतं, सोडलं की ते मिटायला येतं, हळूच, आवाज न करता. मी आत येऊन खुर्चीत बसले. खुर्ची चांगली आहे.

कुलूप बोटाने उघडतं. माझ्या बोटाने उघडत नाही. रेशनच्या दुकानातल्या मशीनलाही माझं बोट कधी पटलं नाही, तसंच हे. सुयोगने प्रत्येक बोट लावून बघितलं, डाव्या करंगळीपर्यंत. म्हणाला, "आई, भांडी घासून घासून रेषाच गेल्यात तुझ्या." मग मला एक कार्ड दिलं आहे. ते गळ्यात घालून भाजी आणायला जाते, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी. बाहेर पडताना कार्ड विसरलं की संध्याकाळपर्यंत खाली बाकावर. एकदा झालं तसं. कोणाला बोलले नाही, तुला सांगते आहे.

घरात शांतता फार आहे. देवेश म्हणाला होता, पॅसेजमधला आवाज अजिबात येणार नाही. येत नाही. लिफ्ट आली-गेली कळत नाही. कादंबऱ्यांत सारखं कोणीतरी दार ठोठावतं आणि पुढचं प्रकरण सुरू होतं. आमच्याकडे ती सोय काढून टाकली आहे.

येत्या रविवारी पाडव्याला वास्तुशांत आहे. हे आमंत्रण समज. पत्रिका छापलेल्या नाहीत, सगळ्यांना मोबाइलवर गेलं आहे. यावेळी मी सुयोगला विचारलं, शकूला कळवलंस? तो म्हणाला, "तू लिहितेस ना?" म्हणून लिहिते आहे. ग्रुपवर मेसेज टाकला एवढ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

ये, शकू. अनिरुद्धला आण, सुनेला, संघमित्राला आण. एकटी आलीस तरी ये. जेवून जा. काही बोलली नाहीस तरी चालेल.

नलू

चारकोप,
४ एप्रिल २०२५

शकू,

आली नाहीस.

गुरुजींनी उंबरठ्याला कुंकू लावायला हात पुढे केला आणि विचारलं, उंबरठा कुठे? देवेशने पितळी पट्टी दाखवली. गुरुजी म्हणाले, बरं. आणि पट्टीला कुंकू लावलं. निम्मे पाहुणे दाराची चुकीची बाजू ढकलत होते. खिळ्याकडची बाजू ढकलली की दार हलत नाही आणि माणूस खजील होतो. सुयोगच्या मोठ्या मामाच्या पाठीत मागून दाराचा छोटा भाग बसला. सगळे हसले, मामा सोडून.

मी दुपारपासून दारापाशीच उभी होते. तू आलीस तर नेमकं कुठे ढकलायचं हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. श्वेता दोनदा म्हणाली, आई बसा, पाय सुजतील. शेवटचे पाहुणे गेल्यावर बसले.

तुझा डबा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मीच खाल्ला.

नलू

चारकोप,
६ जून २०२५

शकू,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

दोन महिने मी लिहिलं नाही. वाटलं, आता पुरे. ती येणार नाही, हे धरून चालायचं. तशी मी धरून चालले होते.

आज सकाळी दुधाची पिशवी दारातून गायब झाली. महिनाभरात तिसऱ्यांदा. श्वेताला आज सुट्टी होती. ती म्हणाली, "थांबा आई, बघूच कोण आहे ते." दारावरच्या कॅमेऱ्यात जे जे दिसतं ते महिनाभर तिच्या मोबाइलमध्ये राहतं. ती बोटाने सरकवत होती आणि मी शेजारी बसून बघत होते. इस्त्रीवाला. कुरिअर. समोरच्यांचा मुलगा, चेंडू घेऊन. आमचा सुयोग. आणि मग तू.

मी तिचा हात धरला. म्हटलं, मागे घे.

पांढरी साडी. खांद्याला कापडी पिशवी, आणि दोन्ही हातांत स्टीलचा डबा. तारीख बारा मे. श्वेताला त्या तारखेचं काही नव्हतं, मला होतं. बुद्धपौर्णिमा. पस्तीस वर्षं त्या दिवशी आमच्याकडे तुमची खीर यायची, खंड पडला तो या तीन-चार वर्षांत.

तू आधी इकडेतिकडे बघितलंस. जाळी शोधत होतीस, हे मला कळलं, श्वेताला कळलं नाही. मग तू हाक मारलीस. आवाज बारीक येतो त्यात, पण येतो. "नलू." थोडं थांबून परत, "नलू, आहेस का गं?" डबा एका हातात घेऊन तू दार ढकललंस, खिळ्याकडच्या बाजूने. ते हललं नाही. दुसऱ्या बाजूने ढकललं असतंस तरी हललं नसतं, कुलूप आपोआप लागतं. बेल काळ्या काचेत आहे, बोट जवळ नेल्याशिवाय दिसतच नाही. तू त्या काचेत बघितलंस आणि पदर सारखा केलास. तुझा चेहरा एवढा जवळ आला की मला तुझ्या कपाळावरचा तो देवीचा व्रण दिसला.

मी घरात होते, शकू. त्या वेळी मी हॉलमध्ये खुर्चीत बसून वाचत होते. तुझ्यापासून वीस पावलांवरही नसेन. मला काही ऐकू आलं नाही.

पुढचं मी तुला सांगायचं की नाही याचा विचार केला. पण ते तू ऐकलंच आहेस. दारातून एक बाई हिंदीत बोलली, "माफ़ कीजिए, अभी हम दरवाज़ा नहीं खोल सकते." तू दचकून मागे सरकलीस. मग कॅमेऱ्यात नीट बघितलंस, बराच वेळ. मग गेलीस.

ती बाई म्हणजे यंत्र आहे. कोणी दारात आलं की श्वेताच्या मोबाइलवर चित्र येतं, आणि बटण दाबलं की ते वाक्य आपसूक वाजतं. ती ऑफिसात मीटिंगमध्ये होती. तिने तुला बघितलं आणि बटण दाबलं.

मी तिला विचारलं, का?

ती म्हणाली, "आई, मला काय माहीत कोण आहेत. साधी साडी, हातात पिशवी. मला वाटलं वर्गणी मागायला कोणी आल्यात."

तुझं आणि माझं कपाट उघडलं तर कोणती साडी कोणाची हे ओळखता यायचं नाही. मी तिला हे म्हटलं नाही. ती रडायला लागली होती. मलाच तिला पाणी द्यावं लागलं.

अनिरुद्धला फोन केला. त्याने उचलला. मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मावशी, मी आईला सांगतो. पण ती म्हणते, आतला माणूस बाहेरच्याला बघत असतो, म्हणूनच तो कॅमेरा लावतात. तुम्ही बघितलंत आणि त्या बाईला बोलायला सांगितलंत, असं तिच्या डोक्यात बसलंय."

मी म्हटलं, फोन दे तिला. तो आत गेला, परत आला, म्हणाला, "ती झोपलीय." सकाळचे अकरा वाजले होते.

मी येते आहे.

नलू

चारकोप,
१५ जून २०२५

शकू,

हे पत्रही तू फोडणार नाहीस, ते मी आज डोळ्यांनी बघून आले. तरी लिहिते. आज जे झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते माहीत नाही.

श्वेता म्हणाली, मी येते. सुयोगही निघाला होता, मी नको म्हटलं. त्याने हेही म्हणून बघितलं की दार बदलून टाकू, आई, साधं लावू. मी म्हटलं, राहू दे. आता दार बदलून काय होणार? डी. एन. नगरला मेट्रो बदलून घाटकोपर. रिक्षात श्वेता माझा हात धरून बसली होती. आजारी माणसाला नेतात तशी.

तुमचं दार उघडं होतं. पुढे जाळी. मला बरं वाटलं. आत पंखा चालू, टीव्ही चालू, फोडणीचा वास. तू खुर्चीत होतीस, पाठ आमच्याकडे. केस पार पिकले तुझे.

मी "शकू" म्हटलं.

टीव्हीचा आवाज कमी झाला. पाठ तशीच.

संघमित्रा आली. जाळीला हात लावला, मग तुझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. बिचारी. म्हणाली, "मावशी, आई म्हणतात बरं नाही त्यांना."

श्वेता पुढे झाली. जाळीला तोंड लावून म्हणाली, "काकी, चूक माझी होती. बटण मी दाबलं. आईंना काहीच माहीत नव्हतं, त्या आत वाचत बसल्या होत्या. शपथ."

तेव्हा तू बोललीस. वळली नाहीस, पण बोललीस. "तुझा राग नाही गं बाई. तू मला ओळखत नव्हतीस."

मी म्हटलं, "शकू, मी बघितलं नाही तुला."

तू संघमित्राला म्हणालीस, "त्यांना पाणी दे. लांबून आल्यात."

आल्यात. मी इथे लिहिताना तो शब्द परत परत बघते आहे. पस्तीस वर्षांत तू मला कधी अहो-जाहो केलं नव्हतंस. माझी सासू जिवंत असताना, तिच्या देखत, तू मला "नले, मूर्ख आहेस तू" म्हणाली होतीस. सासू आठवडाभर तुझ्याशी बोलली नव्हती आणि मी आठवडाभर खूश होते.

पेला जाळीतून जात नाही, म्हणून संघमित्राला जाळी उघडावी लागली. मी पाणी प्यायले. जाळी उघडी होती. मला एक पाऊल टाकून आत येता आलं असतं, कोणी अडवत नव्हतं. पण कोणी "ये" म्हणालं नाही. तुझी पाठ बघत मी पेला परत दिला. मालाडला तू आत का आली नाहीस ते मला तिथे उभं राहून कळलं. तेव्हा मीही ये म्हणाले नव्हते.

टीव्हीखालच्या कप्प्यात माझी पाकिटं होती. एकावर एक नीट लावलेली. एकही फोडलेलं नाही. पाकिटावरचा माझा पत्ता तेवढा वाचून तू खीर घेऊन आली असशील. फेकली का नाहीस, हे विचारायचं मनात आलं. संघमित्राने माझी नजर ओळखली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी म्हटलं त्यांना वाचून दाखवते. तर म्हणाल्या, नको, तिला लिहिता छान येतं, मला पटेल."

म्हणजे मी जे काही लिहीन ते तुला पटेल आणि तुला पटायला नको आहे. हे मला समजलं. हे माझ्या बाबतीतही खरं आहे. ह्यांच्या तेराव्यापर्यंत मी तुझ्यावर रागावून होते ना, ते दिवस मला सोपे गेले. राग संपल्यावर खरे दिवस सुरू झाले. तुलाही राग हवा असेल तर ठेव.

परत येताना श्वेता म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात परत जाऊ." मी हो म्हटलं. तिला तेवढं हवं होतं.

तुझी पाकिटं आता वाढवत नाही.

नलू

पोस्टकार्ड
चारकोप, १७ जून २०२५

शकू,

हे फोडावं लागत नाही, म्हणून यावर तुझी नजर पडेलच.

बुद्धपौर्णिमेला मी घरात होते. तू दिसली नाहीस. तुझी हाक आली नाही. आली असती तर उठले असते.

लिहिलेलं छान झालं नसेल, ते खोडून परत लिहिलेलं नाही.

उत्तर नको. हे वाचल्याचंही कोणाला सांगू नकोस.

नलिनी